घाटातला कुसुम

टेम्पो घाटाच्या वळणावर थांबला, तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती. मागे बर्फाच्या लाद्यांवर चंद्रकलाचा नवरा ईश्वर चादरीत गुंडाळलेला होता. बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत होतं.

"पानी टाकल्याबिगर गाडी हालत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

अड्याळकडच्या आपल्या गावात ईश्वरनं जन्मभर लोकांचे मोटारपंप दुरुस्त केले. मोठ्या आजारातून उठल्यावर नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला, तरी पंप बिघडला की बोलावणं यायचंच. काल तो गेला आणि त्याच लोकांनी वाट अडवली. "जाळत असान तर लाकडं आमी देतो. पुराचं असन तर गावात नाही." म्हणून पहाटेच ते तुमसरच्या पुढे, डोंगरापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीच्या कब्रस्तानाकडे निघाले होते.

"माय, अजूनबी मागं फिरू," मुलगा अतुल म्हणाला. "अग्नी देऊ बाबाले. मले त्याच गावात राहाचं हाय."

"त्यायनं सांगतलं होतं ना तुले, मले मातीच द्या म्हणून."

"त्यायच्या देवानं काय देलं त्यायले? चार हात जागा नाही देली!"

कालपासून चंद्रकलाला प्रार्थनाही जमत नव्हती. ओठ हलत, पण आत सगळं कोरडं. तिनं ड्रायव्हरच्या हातातली कॅन घेतली आणि ती रस्त्याखालच्या नाल्यात उतरली.

वणव्यानं अख्खा उतार काळा केला होता. पायाखाली राख उडत होती. डबक्यातलं पाणी भरून ती वळली आणि जागीच थबकली. कातळाच्या कपारीत एक कुसुमाचं झाड उभं होतं. बुंधा एका बाजूनं जळालेला, आणि वर लालभडक कोवळी पालवी. ना पाऊस, ना कोणी पाणी घालणारा. ज्या देवानं याला इथं सोडलं नाही, तो ईश्वरला सोडेल?

"तू हायेस ना?" ती हळूच म्हणाली. उत्तर आलं नाही. पण तिला रडू आलं. कालपासून पहिल्यांदा.

वर येऊन तिनं कॅन ड्रायव्हरकडे दिली.

"मागं नाही जाचं," ती अतुलला म्हणाली. "तुले याचं नसन तर उतर. मी नेतो त्यायले."

अतुल मागे चढला आणि बापाच्या पायाशी बसला.

कब्रस्तानात वस्तीतल्या दोघांनी खड्डा तयार ठेवला होता. चादरीतला देह खड्ड्याशेजारी ठेवला, तेव्हा कळलं, खड्डा आखूड पडतोय. ईश्वर उंच माणूस होता. खणणारे ओशाळून एकमेकांकडे पाहू लागले. उन्हं तापली होती, पाद्रीबाबा घाम पुसत थांबले.

अतुलनं चपला काढल्या, खड्ड्यात उतरला आणि वर हात केला.

"कुदळ द्या इकडं," तो म्हणाला. "बाबाचे पाय दुमडाचे नाहीत."