टायरची आतली बाजू

क्षिप्राचा चेंडू गाडीखाली गेला, म्हणून सुभाष खांबेटे त्या रविवारी सकाळी पार्किंगच्या लादीवर पालथा झाला. एरवी त्याला गाडीखाली डोकं घालायचं काही कारण नव्हतं. शहाण्णव साल होतं. ऐरोलीच्या त्यांच्या सोसायटीत स्वतःची गाडी असलेली चारच घरं होती, आणि सुभाषचं घर त्यात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, जुनीच, पण सुबक. कामावर जाण्यापूर्वी तो तिला ओल्या फडक्याने पुसायचा. टायरांनासुद्धा काळं पॉलिश लावायचा.

चेंडू पुढच्या डाव्या चाकापाशी अडकला होता. सुभाषने हात लांबवला, तेव्हा बोटांना केसांसारखं काहीतरी लागलं. ते दोरे होते. टायरच्या आतल्या बाजूचं रबर चार बोटं रुंदीत पार झिजून गेलं होतं आणि खालचे दोरे सुटून लोंबत होते. एका जागी तर अंगठा दाबला तर आरपार जाईल असं वाटत होतं. त्याने तो दाबला नाही. याच टायरची बाहेरची नक्षी नव्यासारखी खोल होती. ती तो रोज बघत होता.

"बाबा, मिळाला का?" क्षिप्राने विचारलं.

त्याने चेंडू तिच्याकडे सरकवला आणि तसाच पडून राहिला. गेल्याच रविवारी ते पुण्याहून लग्न आटोपून आले होते. खंडाळ्याचा घाट उतरताना सुचित्रा त्याच्या शेजारी बसली होती आणि सात वर्षांची क्षिप्रा तिच्या मांडीवर झोपली होती. डाव्या बाजूलाच. गाडी थोडी डावीकडे ओढते आहे हे त्याला तेव्हाही जाणवलं होतं. जुन्या गाड्या ओढतातच, असं तो सुचित्राला म्हणाला होता. तीही बरं म्हणाली होती.

गाडी घेतली होती ती क्षिप्रासाठीच. तिला दमा होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास संध्याकाळी खाली उतरला की तिचा श्वास लागायचा, आणि ऐरोलीत तेव्हा हवी तेव्हा रिक्षा मिळत नसे. दोनदा तिला कडेवर घेऊन सुभाष दवाखान्यापर्यंत पळाला होता. दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळे पडले होते. त्यानंतर त्याने गाडीचं मनावर घेतलं.

स्टेपनी चढवून तो तुर्भ्याला गेला. तिथे मानसिंग नावाचा साताऱ्याकडचा टायरवाला होता. ट्रकवाले त्याच्याकडे येत आणि त्याच्या शब्दाला मान देत. मानसिंगने डिकीतला टायर काढून मांडीवर फिरवला, मग उजव्या चाकाच्या आत हात घालून बघितलं. तिथेही तीच गत होती, जरा कमी. मग तो बॉनेट उघडून टॉर्च घेऊन बराच वेळ वाकून राहिला.

"टायर बदलून टाका," सुभाष म्हणाला. "दोन्ही."

"बदलतो की. पर टायरचा दोष न्हाई साहेब." मानसिंगने त्याला वाकायला सांगितलं आणि मडगार्डच्या आत बोट ठेवलं. रंगाखाली एक जाडसर आडवी गाठ हाताला लागत होती. "हितनं फुडचं अंग जोडलंय. वेल्डिंग हाय. ही गाडी जोरात ठोकलेली हाय, मग वढून सरळ केली. पर पुरती सरळ झाली न्हाई. चाकं तिरकी चालत्यात, म्हणून आतनं खात्यात. नवं टायर घाला, महिन्याभरात पुन्हा हेच."

"दुरुस्त होणार नाही?"

मानसिंगने टॉर्च बंद केली. "मी करून दिली म्हणीन वो. तुमी घेऊन जाल. पर बायकापोरांना घेऊन हायवेला जाऊ नका."

सुभाष कंपनीत ड्रॉइंग सेक्शनला होता. मिलीमीटरची चूक त्याच्या नजरेतून सुटत नसे. त्या गाठीवर तो पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला.

गाडी त्याने घणसोली गावच्या जोतीराम पाटलाकडून घेतली होती. व्यवहार जोतीरामच्या कोपरखैरण्याच्या ऑफिसात झाला होता. तो खडी-रेतीचा धंदा करायचा. घरचीच गाडी आहे, धाकटा भाऊ वापरायचा, आता वापर नाही म्हणून काढतो, असं तो म्हणाला होता. चहा पाजला होता. सुभाषला माणूस सरळ वाटला होता, म्हणून त्याने मेकॅनिकला दाखवायचा आग्रह धरला नाही. खरं तर मेकॅनिकला आणलं तर जोतीरामला वाईट वाटेल, अशी त्याला भीड पडली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली. ऑफिसला कुलूप होतं, तेव्हा पत्ता विचारत तो थेट घणसोली गावात शिरला. वाटेत जोतीरामला सुनावायची वाक्यं तो जुळवत होता. फसवणूक हा शब्द वापरायचा, पण आवाज चढवायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. गावठाणातल्या बोळात एका सायकलवाल्याने वाट अडवली, म्हणून त्याने हॉर्न दिला. त्या गाडीचा हॉर्न दोन सुरांचा होता, आधीच्या कुणीतरी हौसेने बसवलेला. सुभाषला तो जरा भडक वाटायचा.

हॉर्नबरोबर समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. आली म्हणण्यापेक्षा धावली. गुडघ्यांवर नेसलेलं लुगडं, हाताला पीठ. ती गाडीसमोर येऊन उभी राहिली. सुभाषने इंजिन बंद केलं.

म्हातारीने बॉनेटवर हात ठेवला. मग काचेतून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलेलं ते परत गेलं.

"तुमी कोन?" तिने विचारलं.

"मी खांबेटे. जोतीराम पाटलांकडे आलोय. ही गाडी त्यांच्याकडून घेतली मी."

"घेतली?"

"हो. महिना होईल."

ती चालत त्याच्या दारापाशी आली. दार उघडून तिने आतल्या सीटकडे बघितलं, तो बसला होता त्या सीटकडे. सुभाष कसाबसा बाहेर पडला. तिने सीटवर हात फिरवला. सीटकव्हरवर पिठाची बोटं उमटली.

"माझे पोराची, धर्माची गारी ही," ती म्हणाली. "मना सांगला, भंगारान दिली. मना सांगला, तुकरं केलं तिचं."

शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक पुढे झाली आणि "बाळाबाय, चल घरान," म्हणत तिचा दंड धरू लागली. तेवढ्यात स्कूटरवरून जोतीराम आला. त्याने गाडी बघितली, आई बघितली आणि स्कूटर चालू ठेवूनच उतरला. बाळाबाईने त्याच्याकडे बघितलं. दंडावरचा शेजारणीचा हात काढून ती आपली आपण घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"तुमी इथं कशाला आलात?" जोतीराम हळू आवाजात म्हणाला. "फोन करायचा. ऑफिसला यायचा."

"टायर," सुभाष म्हणाला. "पुढचे टायर आतून... गाडी ठोकलेली आहे. तुम्ही सांगितलं नाहीत."

"काय सांगनार होतो?" जोतीराम दाराकडे बघत होता. "धर्मानी महापेला उभ्या डंपरला ठोकली. माझा भाऊ आठ दिवस दवाखान्यात होता. गेला. मोरकी गारी वरीसभर गॅरेजला परून होती. गॅरेजवाला बोलला, उभी करून देतो, इकून टाका. मी बोललो, दे. तिच्याकरं बघवत नवतं मना. आयेला सांगितला, भंगारान दिली. तवा कुठं ती जेवाय लागली."

सुभाषने जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्याला आठवलं नाही. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"टायरचा बघतो मी. नंतर बघतो. आता जावा साहेब. हात जोरतो, आता ही गारी इथून काढा."

बोळात गाडी वळवायला जागा नव्हती. सुभाष ती उलटी मागे घेत निघाला. मागे कोंबड्या होत्या. हॉर्नवर गेलेला हात त्याने मागे घेतला, खाली उतरून कोंबड्या हाकलल्या आणि परत गाडीत बसला. असं दोनदा करावं लागलं. जोतीराम दारावर टकटक करत होता.

घरी त्याने सुचित्राला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि ऐकून घेतलं.

"तो मुलगा डावीकडे बसला होता की चालवत होता?" तिने विचारलं.

"चालवत होता."

"म्हणजे तुम्ही बसता तिथे." तिने लाटणं खाली ठेवलं. "क्षिप्रा आता त्या गाडीत बसणार नाही. मीही नाही. तुम्ही बसायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा."

जोतीरामचा फोन आला नाही. सुभाषनेही केला नाही. मानसिंगकडून दोन नवे टायर मात्र त्याने घालून घेतले. का, ते त्याला सांगता आलं नसतं. गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. तिला पुसणं त्याने सोडून दिलं. सोसायटीतले लोक विचारत, काय खांबेटे, गाडी काढत नाही? तो म्हणे, जरा काम निघालंय.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी क्षिप्राला जोराचा दमा उठला. पंपाने उतार पडेना. सुभाष किल्ली घेऊन खाली पळाला आणि त्याने गाडीचं दार उघडलं. मागून सुचित्रा आली. क्षिप्रा तिच्या खांद्यावर होती. तिच्या छातीतली शिट्टी पार्किंगभर ऐकू येत होती. सुचित्रा गाडीपाशी थांबली नाही. ती सरळ चालत गेटाबाहेर रस्त्यावर गेली.

"सुचित्रा, दोन किलोमीटरचा प्रश्न आहे," तो ओरडला. "हळू नेतो मी. टायर नवे आहेत."

तिने मागे बघितलंच नाही. एक दुधाचा टेम्पो तिने हात करून थांबवला आणि पुढे चढली. सुभाष उघडं दार तसंच टाकून धावला, तोवर टेम्पो सुटला होता. दवाखान्यापर्यंत तो पायी पळत गेला. पोहोचला तेव्हा क्षिप्राला ऑक्सिजन लावलेला होता आणि सुचित्रा बाकावर बसली होती. तो शेजारी बसला. ती सरकली नाही. त्याच्या मनात आलं, खाली दार उघडं आहे, कुणी गाडी पळवून नेली तर बरं. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

गाडी कुणी नेली नाही. त्याने विकायला काढली.

रणजीत जगदाळे वाशीच्या मार्केटात मिरचीचा व्यापार करायचा. पस्तिशीचा, गडगडाटी हसणारा माणूस. सुभाषने ठरवलं होतं की सगळं सांगायचं. त्याने बॉनेट उघडून वेल्डिंगची गाठ दाखवली. झिजलेला टायर डिकीत ठेवलेला होता, तो काढून हातात दिला.

"मार बसलेली गाडी आहे," तो म्हणाला. "चाकं तिरकी चालतात. हायवेला चालवू नका. कुटुंबाला घेऊन तर नकोच."

रणजीतने टायर फिरवून बघितला आणि ठेवून दिला. "साहेब, एवढं खरं बोलणारा माणूस मला आजवर भेटला नाय. माझा मेव्हणा गॅरेजवाला हाय. तो बघंल." मग सहज विचारलं, "कोणाला काय लागलं नव्हतं ना?"

समोर क्षिप्रा पायरीवर बसली होती. आजारपणानंतर तिचे हात काडीसारखे झाले होते. गाडी विकली गेली नाही तर रोज अशीच दारात उभी राहील, असं सुभाषच्या मनात आलं.

"माझ्या आधीचं आहे," तो म्हणाला. "मला नक्की माहीत नाही."

दोन दिवसांनी रणजीत बायको आणि दोन पोरांना घेऊन आला. बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. पोरं मागे चढली, बायको पुढे डावीकडे बसली. लिंबं चिरडत गाडी गेटाबाहेर गेली, तेव्हा रणजीतने हौसेने दोनदा हॉर्न वाजवला.

सुचित्रा गॅलरीतून बघत होती. तो वर आल्यावर तिने विचारलं, "सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं."

"त्या मुलाचंही?"

सुभाष चपला काढत होता. तो वाकलेलाच राहिला. सुचित्रा आत जाऊन क्षिप्राच्या गोळ्या काढू लागली.

आठवडाभराने त्याने ऑफिसातून रणजीतच्या गाळ्यावर फोन लावला. फोन उचलणाऱ्याने सांगितलं, शेठ नाहीत, घरच्यांना घेऊन नव्या गाडीनं गावाला गेलेत, साताऱ्याला. सोमवारी येतील.

"काय निरोप हाय का?"

साताऱ्याला जायचं म्हणजे घाट. सुभाष रिसीव्हर कानाला धरून उभा राहिला. पलीकडे मिरचीच्या पोत्यांचा आकडा कुणीतरी ओरडून सांगत होतं.

"हॅलो? काय निरोप?"

"नाही," सुभाष म्हणाला. "काही नाही."