चोवीस इंचांचं दार

मी एक व्हीलचेअर. जन्म वाळूजच्या कारखान्यातला, अंगाने जरा सडपातळ. त्यामुळे जालन्याच्या दुकानात दोन वर्षं नुसती बसून होते. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि म्हणायचं, "ही लई अरुंद हाय." मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मग एका शनिवारी दुपारी ताहेरा आली. शेजारच्या शहरात, क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात ती रुग्णांच्या वापराच्या वस्तू विकते. आल्या आल्या तिने पर्समधून टेप काढला, मला या चाकापासून त्या चाकापर्यंत मोजलं आणि हसली. "बावीस इंच. हीच पाहिजे."

मी तिला का पाहिजे होते, ते बसमध्ये कळलं. वाहक म्हणाला, "ताई, एवढं मोठं सामान कुठं ठेवता?" तेव्हा माझी घडी करून मला पायाशी घेत तिने सारं सांगितलं.

पुंडलिकनगरात द्वारकाबाई म्हणून एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने पलंगावर. रविवारी नात श्रेयाचं केळवण होतं आणि पुरणपोळी आपल्याच हातची असावी, एवढीच त्यांची इच्छा. पण स्वयंपाकघराचं दार चोवीस इंचांचं. ताहेराने घरी जाऊन ते मोजलं होतं आणि शब्द दिला होता, "आजी, शनिवारी तुम्ही या दारातून आत जाणार."

शनिवारी सकाळी कंपनीकडून आली ती सव्वीस इंचांची खुर्ची. दुकानाचे मालक सांडू सर म्हणाले, "आज हीच देऊन टाक. सोमवारी बदलून देऊ."

"सर, केळवण उद्या हाय. सोमवारी बदलून काय उपयोग?"

ताहेराने सगळीकडे फोन लावले आणि जालन्यात माझा पत्ता लागला. निघण्याआधी तिने आजींनाही फोन केला. "आजी, चुकीची खुर्ची आली. दुसरी आणायला मी सोता चाल्ले. चारला म्हणले होते, पण सात वाजतील."

"ये सावकाश," आजी म्हणाल्या. "मी कुठं पळून चाल्ले?"

वाहक हे ऐकून स्वतःच उठला आणि मला मागच्या सीटजवळ नीट उभं करून दिलं.

सातला दहा कमी असताना आम्ही पुंडलिकनगरात पोचलो. आजींचा मुलगा अभय याने त्यांना अलगद उचलून माझ्यावर बसवलं. ताहेराने मला दाराकडे ढकललं. डावीकडे एक इंच, उजवीकडे एक इंच. चाक कुठंही घासलं नाही.

आत गेल्यावर आजी एकेका डब्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अभय, जायफळ कुठं ठेवलंय रे? समदं हलवून ठेवलंय तुम्ही."

रविवारी ओटा उंच पडला, तेव्हा अभयने माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकली. त्यावर पोळपाट ठेवून आजींनी एकवीस पोळ्या लाटल्या. पहिली श्रेयाच्या ताटात, दुसरी ताहेराच्या.

"आजी, मी तर फक्त खुर्ची विकली."

"खा मुकाट्यानं. तुपात बुडव."

सोमवारी ताहेराचा फोन आला, चाकं नीट चालतात का विचारायला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला.

आता माझ्या अंगाला वेलदोड्याचा वास लागलाय आणि उजव्या हातावर कटाच्या आमटीचा डाग आहे. तो कुणी फार घासू नये, एवढीच विनंती. आणि माझी गरज संपली की मला माळ्यावर टाकू नका. ताहेराला कळवा, तिला गरजू माणसं माहीत असतात.

ती वेळ जवळ आलीय बहुतेक. आज सकाळी आजी वॉकर धरून माझ्यावरून उठल्या आणि खिडकीपर्यंत चार पावलं चालल्या. तिथं धापा टाकत वळल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "बस गं बाई, तू बी जरा बस आता."