म्होरकीच्या गाठीतला तपकिरी केस

मी एक जुनी म्होरकी आहे, मित्रांनो. लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकाच्या तोंडाला बांधायची, त्याच्याच भाईबंद असलेल्या लामा या जनावराच्या राठ केसांनी वळलेली. पेरू देशातल्या पुनोच्या पठारावरच्या एका दगडी घरात मी खिळ्याला टांगलेली असते. चरायला जाणाऱ्या अल्पाकांना म्होरकी लागत नाही. वर्षातला एकच दिवस माझा असायचा, प्रदर्शनाचा. एरवी मी आणि खिळा.

मला सातुर्निनाने वळले. नवरा गेल्यावर ती एकटीच कळप राखत असे. सारा कळप पांढरा होता. फक्त एक नर, चुम्पी, भाजलेल्या मक्यासारखा तपकिरी. एका वर्षी तिचा मुलगा एलिसेओ शहरातून आला आणि चुम्पीकडे बघत राहिला.

"आई, तपकिरी लोकर आता कोण घेतं? हा माद्यांमध्ये राहिला तर कळप ठिपक्याठिपक्यांचा होईल. कापून टाकू."

"तुझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी सोडवलेलं हे शेवटचं पिल्लू आहे रे."

"बरं. प्रदर्शनात पहिला आला तर राहू दे. नाहीतर खाटीक."

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सातुर्निनाने चुम्पीच्या तोंडाला मला चढवून त्याला भिंतीशी बांधले आणि कंगवा घेतला. "नवरदेव दिसला पाहिजेस," ती पुटपुटत होती. मान विंचरली, पाठ विंचरली. भिंतीला टेकलेल्या उजव्या मांडीपर्यंत येता येता तिचा खांदा भरून आला. तेवढी मांडी राहिली.

सकाळी मैदानाच्या दाराशी त्याच्या कानांतले लाल गोंडे काढले. जनावर कोणाचे ते परीक्षकाला कळता कामा नये. मग गळ्यात क्रमांक अडकवला. पांढऱ्यांच्या रिंगणात चौदा नर दाटीने उभे होते. त्यानंतर 'तपकिरी, दोन दाती', म्हणजे दोनच पक्के दात आलेल्या तरण्या नरांची, हाक झाली आणि त्या एवढ्या मोठ्या रिंगणात आम्ही तिघेच गेलो: ती, चुम्पी आणि मी.

"मावशी, घाबरू नका," कुंपणावरून कोणी ओरडले, "हरवायला आहे कोण?"

पण आमच्याकडे एकटे जनावर आपोआप पहिले ठरत नाही. परीक्षक बाईंनी सगळे नेहमीसारखेच केले. ओठ उघडून दात पाहिले, मागून पाय पाहिले. मग खांद्यावरची लोकर दोन्ही हातांनी दुभंगली आणि त्या थांबल्या. बरगडीवर पाहिले. पुन्हा थांबल्या.

"मावशी, विंचरलंत याला?"

"हो बाई! चांगले दोन तास," सातुर्निना कौतुकाने म्हणाली.

निकालाची कारणे ध्वनिक्षेपकावर सांगावी लागतात. "पाय सरळ, जबडा नीट. पण विंचरल्यामुळे बटा फुटल्या आहेत, लोकरीची प्रत सांगणाऱ्या लहरी मोडल्या आहेत. जे दिसत नाही त्याला गुण देता येत नाहीत. दुसरा क्रमांक."

"एकटाच होता, तरी दुसरा!" कुंपण हसून हसून हलले. सातुर्निनाची मूठ माझ्यावर घट्ट झाली. 

"आता माझा मुलगा खाटकाला देणार हो याला," ती कुंपणाशी उभ्या एलिसेओकडे बघत हळूच म्हणाली. बाईंनी ध्वनिक्षेपक बंद केला. चुम्पीभोवती फिरून त्यांनी उजवी मांडी उघडली आणि एलिसेओला आत बोलावले.

"इथे कंगवा पोचलेला नाही. बघ."

आत बारीक, एकसारख्या लहरी होत्या, कातडीपर्यंत. एलिसेओने बोट घातले आणि बराच वेळ काढले नाही.

"मग पहिला का नाही दिलात?"

"तळहाताएवढ्या जागेला पहिला देता येत नाही. पण खाटकाला हाक मारशील तेव्हा एवढी जागा आठव."

परतताना एलिसेओने मला आईच्या हातून घेतले. नदी ओलांडून तो पलीकडच्या काठावर थांबला. मग म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी तुझा कंगवा मी लपवून ठेवणार आहे."

पुढच्या वर्षी चुम्पी पहिला आला. तेव्हाही एकटाच होता.

आता सातुर्निना नाही, चुम्पीही नाही. तपकिरी रिंगणात यंदा सात जनावरे होती म्हणे, सगळी त्याच्याच वंशातली. त्यांच्या तोंडाला नायलॉनच्या म्होरक्या असतात. मी आता ओढ सहन करणार नाही, असे एलिसेओ म्हणतो. ते खरे आहे. प्रदर्शनाच्या दिवशी वारा इकडे येत असला तर ध्वनिक्षेपकाचा आवाज खिळ्यापर्यंत येतो. शब्द कळत नाहीत.

मित्रांनो, कधी कोणी मला खाली उतरवले तर एवढेच करा. नाकावरच्या गाठीत एक तपकिरी केस अडकला आहे. मला झटकू नका, धुऊ नका. आहे तशीच राहू द्या.