चाळीस रुपयांचा वाफा

बाळांनो, थोडा वेळ तुम्ही मालक व्हा. तुमच्या घरामागे मोकळी जागा आहे असं समजा. तिथे वांगी लावायची आहेत आणि त्यासाठी जमीन खोदून वाफे करायचे आहेत. काम करायला एक बाई दारात येऊन उभी आहे. घरातले सगळे तुमच्याकडे बघत आहेत, कारण तिला किती पैसे द्यायचे ते तुम्ही सांगायचं आहे. कमी सांगितले तर तिचं नुकसान, जास्त सांगितले तर तुमचं. घाई करू नका. एक आकडा मनात धरून ठेवा. तोवर रंजूने काय भाव सांगितला ते ऐका.

रंजू सातवीत आहे. गोसीखुर्दच्या धरणात जी गावं गेली, त्यांतल्या एका गावाच्या नव्या वस्तीत ती राहते. तिचे वडील हेमराज धरणात मासे धरतात आणि आई ज्योत्सना ते पवनीच्या बाजारात विकते. दिवसभर घरी असतात ती रंजू आणि तिचे आबाजी, धनीराम. जुन्या गावात आबाजींची नदीकाठी वाडी होती. उन्हाळ्यात रेतीवर डांगरं, म्हणजे खरबुजं, हिवाळ्यात गाळाच्या जमिनीत वांगी. नव्या वस्तीत आले त्याच वर्षी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते पुढच्या छपरीत खाटेवर बसतात. घरामागची जागा त्यांनी पाहिली आहे, पण तिथे कधी कुदळ मारलेली नाही. हे लक्षात ठेवा.

यंदा दिवाळीच्या सुट्यांत आबाजींनी ठरवलं की मागे आठ वाफे काढायचे. वांग्याचं रोप छपरीत खाटेजवळच्या तेलाच्या जुन्या पिंपात तयार होतं. त्यांनी उशीखालून पाचशे रुपये काढले आणि रंजूच्या हातावर ठेवले.

“घे. मालकीण तू. भाव तूच ठरव, पण हिशेबानं ठरव. अंदाजानं नाही.”

“हिशेब कसा करायचा?”

“गड्याची रोजी काय चालू हाय सध्या?”

“चारशे.”

“अन् बाईची?”

“धानकापणीले तीनशे देऊन राहिले.”

“हे कुदळीचं काम हाय. कुदळ धरणारा गडी हाय का बाई, ते कुदळ पाहत नाही. चारशेच धर. आता मले सांग, एक जण दिवसाले असे वाफे किती काढते? दहा हात लांब, तीन हात रुंद.”

रंजूला माहीत नव्हतं.

“दहा,” आबाजी म्हणाले. “मी सोता काढले. अंधार पडायच्या आत.”

रंजूने बोटाने हवेत भागाकार मांडला. चारशे भागिले दहा. वाफ्याला चाळीस. आठ वाफ्यांचे तीनशे वीस, आणि उरलेल्या पैशांत शेणखत. हिशेब तिला फार आवडला. त्यात कुणाला फसवलेलं नव्हतं. बाईला गड्याची रोजी मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाई आल्या. त्या जुन्या गावापासूनच्या ओळखीच्या, पन्नाशीतल्या, आता वस्तीच्या पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या. त्या दिवशी कापणी सोडून आल्या होत्या.

“जय भीम, भाऊ.”

“जय भीम. ये, बस. मालकीणबाईशी बोल, मी फक्त पाहुणा हाय.”

विमलाबाई हसल्या. “सांगा मालकीणबाई.”

“वाफ्याले चाळीस, मावशी,” रंजू म्हणाली. “आठ वाफे.” मग तिने चारशे भागिले दहा कसं आलं तेही सांगितलं.

“दहा तं मी पण काढले हाय तिकडं,” विमलाबाई म्हणाल्या. “भाऊचा हिशेब कधी चुकला नाही. चाल, ठरलं.” त्यांनी पदर खोचला आणि कुदळ घेऊन मागे गेल्या.

कुदळीचा पहिला घाव पडला तेव्हा रंजू मागच्या दारातच उभी होती. ठण्ण असा आवाज आला. विमलाबाई क्षणभर थांबल्या, जमिनीकडे पाहिलं, आणि कुदळ पुन्हा उचलली.

दुपारपर्यंत दीड वाफा झाला होता. विमलाबाई आधी कुदळीने खोदत, मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घालून गोटे उपटत, मग ते घमेल्यात भरून कुंपणाशी नेऊन टाकत. डबा खायला बसल्या तेव्हा रंजूने त्यांना पाणी दिलं. त्यांच्या तळहातावर फोड आला होता.

“दुखते का?”

“हाताले काय धाड भरली. तुह्या आबाजीचे हात पाहिले असते तं माहीत पडलं असतं.”

शेजारच्या सखाबाई कुंपणावरून वाकून सगळं पाहत होत्या. “किती ठरवले वो रंजू?”

“वाफ्याले चाळीस.”

“बरा हाय भाव. विमलाबाई, इथलं झालं का माह्याकडं ये. माहे चार वाफे हायेत, याच भावात. मिथुनची आई पण म्हणून राहिली होती.”

विमलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला.

संध्याकाळी तीन वाफे झाले होते. रंजूने एकशे वीस रुपये मोजून दिले. विमलाबाईंनी नोटा न मोजता कमरेला खोचल्या.

“उद्या येतो,” त्या म्हणाल्या. “आठ म्हटले म्हणजे आठ.”

त्या गेल्यावर रंजू आबाजींच्या खाटेपाशी गेली. “तीनच झाले.”

“तीन?” आबाजी हसले. “विमलाबाई म्हातारी झाली मंग.”

“म्हातारी नाही झाली. मी पाहत होते. एक वेळ बसली, डब्यापुरती. कापणीले गेली असती तं तीनशे भेटले असते. आपल्याकडं एकशे वीस भेटले.”

“भाव तिनं ऐकला, हो म्हटलं. आता त्यात काय? भाव बोलल्यावर बदलत नसते, बाई. आज वाढवला तं उद्या कोणी कमी करा म्हणून येईन. मंग बोलण्याले काय अर्थ?”

“पण हिशेब चुकला हाय.”

“चारशे भागिले दहा किती?”

“चाळीस.”

“मंग कुठं चुकला?”

भागाकार बरोबर होता आणि उत्तर चूक होतं, एवढंच रंजूला कळत होतं. वर आता सखाबाई याच भावात चार वाफे काढून घेणार होत्या, आणि मिथुनची आईही. रंजूने हवेत बोटाने मांडलेला आकडा गल्लीभर फिरणार होता. ती जेवली, पण मन जेवणात नव्हतं. भाव मी ठरवला, तर तो दुरुस्त पण मीच करीन, असं तिने पक्कं केलं. फक्त चूक कुठे आहे ते आधी सापडायला हवं होतं.

उजाडताच, कोणी उठायच्या आत, ती कुदळ घेऊन मागे गेली. चौथ्या वाफ्याची खूण विमलाबाईंनी करून ठेवलीच होती. रंजूने घाव घातला. ठण्ण. कुदळ उसळून बाजूला पडली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तिने पुन्हा घाव घातला. पुन्हा. वर चार बोटं माती, आणि खाली मुरूम, त्यात मुठीएवढे, नारळाएवढे गोटे अडकलेले. ऊन कुंपणावर आलं तेव्हा तिचं खोदून झालं होतं एक हात लांब. दहा हातांपैकी एक. आणि तेही उथळ.

ती धापा टाकत बसली. समोर कुंपणाशी कालचा गोट्यांचा ढीग होता. ती त्याकडे पाहतच राहिली. मग उठली, घमेलं घेतलं आणि ढीग भरभरून मोजायला लागली. एक, दोन, पाच, अकरा. तीन वाफ्यांतून सव्वीस घमेली गोटे निघाले होते.

शेवटची दोन घमेली तिने तशीच उचलून छपरीत आणली आणि आबाजींच्या खाटेसमोर रिकामी केली. धडधड आवाज झाला. आबाजी दचकून उठून बसले.

“काय आणलं हे?”

“आबाजी, तुमच्या वाडीत एका वाफ्यातून गोटे किती घमेली निघत?”

“गोटे?” आबाजी म्हणाले. “गाळाच्या जमिनीत गोटे कुठून येतीन? लेकरं हातानं खोदत होते.”

“इथं तीन वाफ्यातून सव्वीस घमेली निघाली.”

आबाजींनी एक गोटा उचलला, हातात फिरवला. मग काठी मागितली. रंजूने त्यांना धरून हळूहळू मागच्या दारापर्यंत नेलं, उंबऱ्याजवळ खुर्ची ठेवली आणि हातात सब्बल दिली. बसल्या बसल्या त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर सोडली. ठण्ण आवाज झाला. त्यांनी पुन्हा सोडली, जरा बाजूला. तोच आवाज.

त्यांनी सब्बल मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, “दहा वाफे तिकडचे होते. मी रोजी आजची धरली, अन् माती तिकडची.”

“म्हणून चुकला.”

“म्हणून चुकला. भाव बदलत नाही म्हटलं मी. पण हा भावच नव्हता, चूक होती. बोलाव तिले.”

बोलवायला लागलं नाही. विमलाबाई फाटकातून येतच होत्या. हाताला चिंधी बांधलेली होती.

“विमलाबाई,” आबाजी म्हणाले, “पहिल्याच घावाले तुले माहीत पडलं असन. बोलली काहून नाही?”

“काय बोलू? हो म्हणून बसली होती. अन् तुम्ही भाव सांगितला, भाऊ. विचारला कुठं?”

आबाजींनी मान खाली घातली. रंजूने फ्रॉक नीट केला आणि विमलाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. “मावशी, आता विचारते. तुम्ही सांगा.”

विमलाबाईंनी जागेवरून नजर फिरवली. त्यांनी हवेत बोटं हलवली नाहीत, पण मनात हिशेब चालू आहे हे दिसत होतं.

“कोरड्या वाफ्याले एकशे तीस,” त्या म्हणाल्या. “दिवसाले तीनच होतात, तू पाहिलं. पण आदल्या रात्री दहा-बारा बादल्या पाणी टाकून ठेवलं तं मुरूम फुगते, गोटे सुटतात. मंग पाच होतात. ओल्या वाफ्याले ऐंशी घेईन. पाणी तुमचं.”

“हे कालच सांगितलं असतं तं!” रंजू म्हणाली.

“काल तू मालकीण होती.”

आबाजी मोठ्याने हसले, आणि मग हसता हसता गप्प झाले, कारण त्यांनीही पुढचा हिशेब केला होता. रंजूनेही केला होता. झालेले तीन वाफे कोरडे होते. त्यांचे तीनशे नव्वद. एकशे वीस दिले होते, दोनशे सत्तर द्यायचे राहिले. हातात उरले होते तीनशे ऐंशी. म्हणजे बाकी चुकवल्यावर एकशे दहा. त्यात एकच ओला वाफा निघत होता.

“आठ होत नाहीत आबाजी. चारच होतात.”

“अन् रोप आठ वाफ्यांचं हाय,” आबाजी पुटपुटले. त्यांनी उघड्या दारातून छपरीतल्या पिंपातल्या हिरव्या रोपाकडे पाहिलं. तीन आठवडे त्यांनी ते खाटेवरून पाणी शिंपडून वाढवलं होतं. तुम्ही त्यांच्या जागी असता तर तुम्हालाही वाटलं असतं की मागच्या तीन वाफ्यांचं राहू द्यावं, पुढचे तेवढे नव्या भावाने काढावे. त्यांनाही वाटलं असेल. ते रंजूकडे पाहत होते.

रंजूने नोटा मोजल्या. दोनशे सत्तर रुपये तिने विमलाबाईंच्या हातावर ठेवले, चिंधी बांधलेल्या हातावर नाही, दुसऱ्या.

“हे कालचे,” ती म्हणाली. “आज रात्री मी एका वाफ्यावर पाणी टाकते. उद्या तेवढा काढून द्या. बाकीचे चार मी काढीन. रोज संध्याकाळी पाणी, रोज सकाळी एक हात.”

“चाळीस दिवस लागतीन तुले,” विमलाबाई म्हणाल्या.

“लागू द्या.”

“रोप थांबन का तोपर्यंत?”

“नाही थांबलं तं वाटून देऊ. आबाजी?”

आबाजींनी एकदा पिंपाकडे आणि एकदा तिच्या लाल झालेल्या तळहातांकडे पाहिलं. “देऊ,” ते म्हणाले. “पण पहिले कुदळ धरायची शीक. सकाळी तू खोदत होती तवा मी खाटेवरून आवाज ऐकला असता तं तेव्हाच तुले सांगितलं असतं. हात असा नाही, असा.”

तेवढ्यात कुंपणावर सखाबाईंचं डोकं आलं. “विमलाबाई, आज दुपारून येशील ना माह्याकडं? चाळीसच्या भावानं. मी मिथुनच्या आईलेही सांगून ठेवलं.”

विमलाबाई काही बोलायच्या आत रंजूने छपरीत धाव घेतली. खाटेसमोरचे गोटे तिने परत घमेल्यात भरले, काठोकाठ. घमेलं जड होतं, उचलताना तिचे गुडघे वाकले, पण तिने ते कमरेवर टेकवलं, दुसऱ्या हाताने फाटकाची कडी काढली आणि सखाबाईंच्या दाराकडे चालू लागली.