चेंडू बाहेर गेला नाही

“शेवटची दहा मिनिटं राहिली की काढतो तुला,” प्रशिक्षक म्हणाले. त्याच्या घोट्याभोवती चढत जाणाऱ्या पट्टीकडे ते पाहत होते. “अख्खं स्टेडियम उभं राहील. सावकाश चालत ये. घाई करू नकोस.”

“मला नका काढू.”

“म्हणजे?”

“शिट्टी होईपर्यंत राहू दे मला आत.”

प्रशिक्षक हसले. “अरे बाबा, हा मान असतो. शिट्टीनंतर कोण कुणाकडे बघतं? लोक गाड्या काढायला पळतात.”

त्याने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ प्रशिक्षकांनी होकार असा घेतला आणि ते पुढच्या बाकाकडे वळले.

संघात त्याला सगळे काका म्हणत. त्या परक्या भाषेतला शब्द वेगळा होता, अर्थ हाच. तरुण वयात तो फुटबॉल खेळायला या देशात आला आणि येथेच मधल्या फळीत मुरला. मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वळवून मोकळा माणूस हेरायचा आणि चेंडू त्याच्या पायाशी नेऊन ठेवायचा, एवढेच त्याचे काम. गोल त्याच्या नावावर क्वचितच लागले. “एवढी वर्षं गोल न करता पोट भरणारा तू एकटाच असशील,” बायको चिडवायची. त्यालाही ते काम उंबरठ्यासारखे वाटे: सगळे त्याच्यावरूनच आत-बाहेर करतात, लक्षात मात्र दार राहते. या विचाराचे त्याला कधी दुःख झाले नाही. उंबरठ्याला घराची दोन्ही अंगे दिसतात.

सकाळी स्वयंपाकघरात तो बायकोशी बोलला होता. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी त्याच्या वडिलांना साहेबांनी दुपारीच मोकळे केले होते. मोठ्या मानाने, गाडीत बसवून घरी पोचवले होते. वडील खिडकीशी बसून राहिले. डबा उघडला नाही, कपडे बदलले नाहीत. संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा कुठे त्यांनी बूट काढले, आणि मग आईला म्हणाले, “आलो.”

“मग सांग ना प्रशिक्षकांना हे,” बायको म्हणाली.

“रडगाणं वाटेल.”

“तू बोलायचं नाहीस आणि लोकांनी ओळखायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.” तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. “मी आणि पोरगी उभं राहून टाळ्या वाजवणार आहोत, आधीच सांगते. तू कधीही बाहेर ये.”

हंगामातला हा शेवटचा सामना होता, आणि त्याच्या कारकिर्दीतलाही. संघ गुणतक्त्याच्या मध्यावर, ना वर चढायचे ना खाली घसरायचे. दोन गोलांची आघाडी हाती होती. उन्हे कलली आणि मैदानावर खेळाडूंहून त्यांच्या सावल्या मोठ्या दिसू लागल्या. तेवढ्यात रेषेपाशी खेळाडू बदलायची पाटी वर गेली. पाटीवर त्याचा आकडा होता आणि खाली लंब्या, त्याच्या जागी उतरणारा उंच खेळाडू, मोजे वर ओढत उभा होता.

पण खेळ थांबल्याशिवाय बदली खेळाडू आत येत नाही. चेंडू बाहेर जायला हवा, नाहीतर रेफ्रीची शिट्टी तरी व्हायला हवी.

पहिल्या वेळी त्याने काही ठरवून केले नाही. एक ढिला पास रेषेकडे निघाला होता; कुणीही सोडून दिला असता. त्याचा पाय मात्र आपसूक पुढे गेला आणि त्याने चेंडू आत ओढला, नेमका प्रशिक्षकांच्या बुटांसमोर.

“अरे, जाऊ दे ना तो,” प्रशिक्षक म्हणाले.

“आघाडी आहे आपली. चेंडू आपल्याकडेच बरा,” तो म्हणाला आणि निघून गेला.

मग मात्र त्याला कळले की आपण काय करतो आहोत. त्याने चेंडू गोलरक्षकाकडे दिला. गोलरक्षक त्याच्याबरोबर बरीच वर्षे खेळलेला, बारा गावचे पाणी प्यालेला माणूस. त्याने पाटीकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि लांब टोलवायचा चेंडू अलगद परत दिला. “घ्या काका, संभाळा तुमचं लेकरू,” तो ओरडला. पुढच्या दोघा-तिघांनाही उमगले. चेंडू गवताला चिकटून फिरू लागला, आखूड, साधा, एखाद्या घरात हातोहात फिरणाऱ्या पाण्याच्या तांब्यासारखा. पाटी खाली आली, पुन्हा वर गेली. लंब्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत राहिला.

एकदाच घात होणार होता. समोरच्या संघातला एकजण चिडून आडवा घसरला आणि त्याचा बूट नेमका पट्टीवर बसला. घोट्यातून कळ मस्तकात गेली. पडला असता तर शिट्टी झाली असती. रेफ्रीने ती ओठांशी नेलीही होती. तो पडला नाही. दोन पावले लंगडला, रेफ्रीकडे पाहून नकारार्थी मान हलवली आणि चेंडू डावीकडे सरकवला. रेफ्रीने हात पुढे करून खेळ चालू ठेवला.

“पुरे झालं नाटक,” रेषेवरून प्रशिक्षक म्हणाले. मग जरा वेळाने त्यांनी लंब्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बस तू.”

पाटी पुन्हा वर गेली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा चेंडू त्याच्या पायाखाली होता.

प्रशिक्षकांनी म्हटले तसेच झाले. लोक जिन्यांकडे वळले. थोड्या टाळ्या वाजल्या, त्या सगळ्या संघासाठी. लंब्याने येऊन त्याला मिठी मारली. “काका, तुमच्यापायी घामसुद्धा आला नाही मला.” “पुढच्या हंगामात गाळ की,” तो म्हणाला. वर, रिकाम्या होत चाललेल्या रांगांत, बायको आणि मुलगी अजून उभ्याच होत्या. हात हलवला तर त्या खाली येतील म्हणून त्याने थोडा वेळ हलवला नाही.

मैदानाची निगा राखणारा म्हातारा दाताळे घेऊन मध्यवर्तुळात आला आणि उखडलेले गवत बोटांनी दाबून बसवू लागला. त्याच्या बुटांपाशी येऊन म्हातारा थांबला.

“जरा बाजूला होता का? इथलंच जास्त उखडलंय.”

“हो हो,” तो म्हणाला. तो वर्तुळाबाहेर सरला, आणि म्हाताऱ्याच्या हाताखालचे ते गवताचे ढेकूळ नीट बसेपर्यंत पाहत उभा राहिला.