दूधधारेची वाट

"सायेब, याचं तोंड कोनीकडं करू?" नत्थुजीने हातातला दगड तोलत विचारलं.

"दगडाले तोंड असते का, नत्थुजी?" फिशर साहेब लाल रंगाच्या डब्यात ब्रश बुडवत म्हणाले.

"असते ना. जिकडून मानूस येईन, तिकडं त्याचं तोंड पायजे. पाठ दिसली तं त्याले काय समजन?"

साहेबांना ते पटलं. नत्थुजीने दगड गवतात उभा रोवला, टाचेने माती दाबली. साहेबांनी त्यावर बोटभर रुंदीचा लाल पट्टा ओढला. नत्थुजी दोन पावलं मागे सरला आणि डोळे बारीक करून पाहू लागला.

"नाई दिसत, सायेब. सगळा दगडच रंगवा."

पट्टा चांगला ठसठशीत होता. पण साहेबांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. त्यांनी दगडाचं सगळं तोंड लाल करून टाकलं.

फिशर साहेब मिशनच्या दवाखान्याचे जर्मन डॉक्टर. वीस वर्षं वऱ्हाडात काढलेली, आणि मराठी इथल्याच रोग्यांकडून शिकलेली. त्यामुळे पुण्याकडचा माणूस दचकावा अशी अस्सल वऱ्हाडी ते बोलत. नत्थुजी माळी. शेंदूरजनाघाटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी तीस घरांचं त्याचं गाव. संत्र्याची सत्तर झाडं, थोडा भाजीपाला, आणि अंगाला जडलेली एक खोड. गावची माणसं डोंगरात जात ती मोहफुलांसाठी, तेंदूपानांसाठी, नाही तर हरवलेल्या गुरासाठी. नत्थुजी नुसता पाहायला जाई. कुठल्या कड्यावरून वर्धा नदी दिसते, कुठल्या दरीत मार्गशीर्षापर्यंत पाणी टिकतं, सगळं त्याला पायपाठ. दूधधारेचा धबधबा तर बापाने दाखवलेला, दुसऱ्या कोणाला ती वाटच ठाऊक नव्हती. बायको मैनाबाई म्हणायची, "रिकामा न्हावी, भिताडाले तुंबड्या लावी!" तीस वर्षांच्या संसारात ती स्वतः विहिरीपलीकडे कधी गेली नव्हती.

साहेबांनी एकदा त्याला आपल्या गावाची गोष्ट सांगितली होती. लहानसं गाव, भोवती डोंगर, उंच झाडांचं रान, एक ओढा आणि एक पडका किल्ला. रविवारी देवळातून निघालं की पोरंबाळं, म्हातारेकोतारे सगळे रानात चालायला जातात. वाटेवर दगडांना, झाडांना रंगाच्या खुणा केलेल्या असतात, त्यामुळे परका माणूसही चुकत नाही.

"कामाबिगर चालतेत?"

"कामाबिगर. पायाले चांगलं, डोयाले चांगलं, म्हनून."

"म्हंजे तुमच्याकडं सगळं गावच माह्यासारखं हाये!" नत्थुजी म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला आपण शहाणे आहोत असं वाटलं.

मग त्याच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. साहेब खोटं बोलले नाहीत. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेलीही फार दिवसांची नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोरगा नव्हता. पोरगी कौशल्या बडनेऱ्याला रेल्वेवाल्याच्या घरी नांदत होती.

"मंग सायेब, दूधधार माह्याबरोबरच जाईन का?" एवढंच तो म्हणाला.

त्यातून हे दगड निघाले. जंगलखातं झाडांना रंग लावू देईना, म्हणून दगड. वाट फुटेल तिथे एक, वळेल तिथे एक, असे एकवीस.

त्या दिवशी दगड रंगवून परतताना एक गवतवाली पहिल्या दगडापाशी भारा उतरवून हात जोडताना दिसली. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"नत्थुजी, हे लोक देव समजून रायले."

"समजू द्या ना!" नत्थुजी खुशीत हसला. "आता कोनाची हिंमत हाये त्याले हात लावाची?"

सारा जन्म वऱ्हाडात काढलेल्या नत्थुजीने एवढं तरी ओळखायला हवं होतं. आपल्याकडे देवाला कोणी धक्का लावत नाही हे खरं, पण देवाला उन्हापावसात उघडंही कोणी ठेवत नाही.

पावसाळा सरला, कार्तिक लागला. नत्थुजीला आता उजेड आणि सावली एवढंच कळे. साहेब अमरावतीहून सहा जणांना दूधधार दाखवायला घेऊन आले. वकील होते, मास्तर होते, सगळे बूट घालून तयार.

"चला नत्थुजी."

"मी नाई येत. मी आलो तं दगडाचा काय उपेग? तुमचे तुमी जा."

पोरीची पाठवणी करून बापाने बसावं तसा तो ओट्यावर डोंगराकडे तोंड करून बसला. पण तास झाला नाही तोच बुटांचे आवाज परत आले.

"नत्थुजी," साहेब म्हणाले, "एक बी दगड जाग्यावर नाई. दगडाबिगर मले बी वाट नाई सापडत."

नत्थुजी ताडकन उठला. "कोनं नेले? कोनाच्या बापाचे होते?"

"म्या आनले," दारातून मैनाबाईचा आवाज आला.

बागेच्या बांधावर आंब्याखाली एकवीस दगड ओळीने मांडलेले होते. हळदकुंकू, झेंडूची फुलं, सारवलेली जमीन. साहेबांनी ते नत्थुजीला सांगितलं तेव्हा तो ओरडला, "अवं, ते देव नोयते! रंग होता तो, सायेबाचा!"

"रंग सायेबाचा असन. बसवले तं तुमच्याच हातानं ना?" मैनाबाई म्हणाली. "तुमच्या डोयासाठी नवस केला म्या. तुमचेच देव उन्हातान्हात पडले, तं ते तुमच्याकडं काहून पायतीन?"

तिच्यावर हात उगारावा की तिचे पाय धरावेत, हे नत्थुजीला कळेना. तो मटकन खाली बसला. डोळे गेले तेव्हा तो रडला नव्हता, आता मात्र त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "गेली वाट," तो म्हणाला. "संपलं."

अमरावतीकर एकमेकांची तोंडं पाहू लागले. साहेब तेवढे मैनाबाईकडे पाहत होते.

"मैनाबाई, एवढे दगड तुमी एकट्यानं आनले?"

"एका दिवशी एक. डोक्यावर टोपलं, अनवानी. नवसच तसा होता."

"म्हंजे एकवीस वेळा गेल्या?"

"हो. रोज मांगच्यापरीस एक दगड पुढं."

नत्थुजीने मान वर केली. "बारावा कुठून उचलला?"

"नाल्यापल्याड. तिथं वाट फुटते. उजवीकडं जाऊ नोये, कडा हाये तिकडं. माहा पाय घसरला होता."

"सतरावा?"

"दोन धावड्याच्या झाडामधात. तिथून पान्याचा आवाज येते."

"आन शेवटचा?"

"धारेच्या समोर, चारोयीच्या झाडाखाली."

नत्थुजी काठी चाचपू लागला. मैनाबाईने ती हातात दिली, तर त्याने काठी बाजूला ठेवून तिच्या खांद्यावर हात टाकला. "चाल," तो म्हणाला.

नवऱ्याच्या पुढे बायको चालते आहे हे पाहून विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या शेजारच्या माणिकबाईच्या हातातला दोर तसाच राहिला. मैनाबाईने पदर डोक्यावरून ओढला, कमरेला खोचला आणि पाऊल थांबवलं नाही. मागून वकील, मास्तर धापा टाकत येत होते. कुठेही ती अडखळली नाही. नत्थुजीचे पाय प्रत्येक वळण ओळखत होते आणि दर वळणावर त्याचा खांद्यावरचा हात हलका होत होता. इतकी वर्षं जिला तो घरकोंबडी म्हणत आला, तिने ती अवघड वाट डोक्यावर दगड घेऊन एकवीस वेळा तुडवली होती! त्याला तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही.

दूधधारेसमोर सगळे टेकले.

"काय दिसून रायलं?" नत्थुजीने विचारलं.

"पानी."

"अवं, पानी मले आयकू येते. दिसते कसं, ते सांग."

मैनाबाई घुटमळली. आजवर ती इथे एकदाच आली होती, आणि तेव्हाही दगड उचलून लगबगीने परतली होती. आता तिने नीट पाहिलं.

"वरतून एकच धार येते. मधात खडक हाये, त्याच्यावर फुटून तीन होते. मधली लय बारीक, सुतावानी. खाली डोह हाये, हिरवा. निळं पाखरू बसलं हाये एक."

"आन मांगं वळून पाय. खाली."

"अगं माय!" ती म्हणाली आणि कपाळाशी हात आडवा धरून पाहू लागली. "आपले बगीचे दिसतेत. शेंदूरजन्याची घरं. त्याच्या पल्याड नदी चमकून रायली." मग ती त्याच्याकडे वळली. "हे सारं तुमी तीस वर्स एकटेच पायत होते?"

नत्थुजीने उपरण्याने तोंड पुसलं.

"परतीले दुसरी वाट हाये," तो हळूच म्हणाला. "कड्याच्या खालच्या अंगानं, पाय घसरत नाई. तिथं म्या दगड ठेवला नोयता. मी सांगतो, तू पाय."

ती उठली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं झाडीकडे निघाली. अमरावतीकर लगेच मागे जायला उठले, तसं साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. दोघांचं बोलणं जेमतेम ऐकू येईल एवढं अंतर त्यांनी पडू दिलं, आणि मग हॅट हातात घेऊन ते मागोमाग चालू लागले.