मुलाखतीला गेलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच चुकचुकू नका. मला कीव चालत नाही, फडकं चालतं.

काचेच्या कारखान्यातून निघालो तो थेट केशकर्तनालयाच्या भिंतीवर चढलो. किती डोकी पाहिली म्हणता! एका पैलवानाची मिशी माझ्यात स्वतःचा तोरा पाहून अशी फुगली, की बिचारा दारातून तिरका बाहेर पडला. खोटं वाटत असेल तर चौकटीला विचारा.

दुकानाचे मालक वारले, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, वस्तरा हाती घेतला. पुढे ती इमारतच पाडायची ठरली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे या राहायला. हिला तेवढीच मदत." मदत म्हणजे ढीगभर भांडी, हे वहिनी ओळखून होत्या. त्यांना हवी होती मोठ्या हॉटेलच्या सलूनमधली नोकरी. तिथे इंग्रजी लागायचं.

इंग्रजीचे निवृत्त मास्तर रोज दाढीला येत. गालभर फेस, तोंड उघडायची सोय नाही, म्हणून ते बोटावर फेस घेऊन माझ्यावरच वाक्य लिहीत. वहिनी त्याचा काळ बदलून मोठ्याने म्हणत. चुकल्या की मास्तर जोरात मान हलवत.

"मास्तर, मान हलवू नका, कान जाईल!"

दीर खो खो हसत. "या वयात व्याकरण? गिऱ्हाइकाची दाढी काय इंग्रजीत वाढते?"

"नाही भावजी. पण 'नाही' म्हणायला मला आता दोन भाषा येतात."

पंचाईत एकच होती. न्हावी गिऱ्हाइकाशी बोलतो ते आरशात बघून. वहिनींचं इंग्रजी माझ्यात बघून घडाघडा चाले, आणि मास्तर उठून समोर उभे राहिले की दातखीळ!

म्हणून मुलाखतीच्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, चादरीत गुंडाळलं आणि बसमध्ये खिडकीशी बसवलं. कंडक्टर म्हणाला, "पाहुणे लाजाळू दिसतात."

हॉटेलच्या साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. वहिनी गप्प. साहेबांनी दुसरा विचारला. वहिनींनी माझ्यावरची चादर सोडली. मग त्यांनी मला साहेबांसमोर टेबलावर टेकवलं, साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्यात त्यांच्या नजरेला नजर भिडवून एका दमात इंग्रजीत विचारलं, "तुमचे केस मागच्या वेळी कुणी कापले? डावा कल्ला लांब राहिलाय."

साहेबांनी कल्ला चाचपला. उरलेली मुलाखत वहिनींनीच घेतली.

परतीच्या वाटेवर बसच्या हिसक्याने मला तडा गेला. दीर म्हणाले, "फुटका आरसा म्हणजे अपशकुन. फेका तो."

वहिनी म्हणाल्या, "कसा फेकू, भावजी? आम्ही दोघं नोकरीला लागलोय."

आता हॉटेलात, दिव्यांनी मढलेल्या उंच आरशांच्या रांगेत, मी तड्यासकट मिरवतो. ते नाकं मुरडतात. मुरडोत बापडे!

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू फेकावीशी वाटली, तर आधी फडक्याने पुसा. मग तिच्या नजरेला नजर देऊन सांगा, की तू बिनकामाची आहेस. कुठल्याही भाषेत सांगा. मी वाट बघतोय.